जशास तसे आणि एक विसरलेला निरोप

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमचे अब्बा शिंपी होते. तालुक्याच्या गावी पेठेच्या खालच्या टोकाला त्यांचं दुकान. दोन शिलाई मशिनं, कटिंगचं टेबल, कोळशाची इस्त्री आणि खिळ्याला टांगलेलं मापांचं रजिस्टर. पेठेच्या वरच्या टोकाला अण्णांचं कापडाचं दुकान. मध्ये मारुतीच्या देवळाचं वळण असल्यामुळे या दुकानातून ते दुकान दिसत नसे. हे 'दिसत नसे' तेवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दोघांमध्ये एक करार होता. कागदावर नव्हे, तोंडीसुद्धा कधी झाला असेल असं वाटत नाही. अण्णांकडे कुणी कापड घेतलं की अण्णा म्हणत, "खाली मास्तरांकडे टाका शिवायला." अब्बांकडे कुणी लग्नाचे कपडे शिवायचे म्हणून आला की अब्बा म्हणत, "कापड अण्णांकडून घ्या, आटणार नाही." कमिशन नाही, हिशेब नाही. ईदला शिरखुर्म्याचा डबा वर जाई, दिवाळीला फराळाचं ताट खाली येई. वीसेक वर्षं हे चाललं आणि १९८७ साली मोडलं. पुढची अकरा वर्षं दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो, अकरावीत. कॉलेजातून आल्यावर काज-बटणं करायला बसायचो. त्या भांडणात माझाही एक वाटा होता. तो शेवटी सांगतो.

कवी माणूस बोलायला आला म्हणजे कवितेवर बोलणार, अशी तुमची अपेक्षा असणार. पण गेल्या वर्षी एक गंमत झाली. माझी पुतणी अर्थशास्त्र शिकते. तिच्या पुस्तकात एक प्रकरण होतं. विषय असा : दोन माणसं पुन्हा पुन्हा तोच खेळ खेळतात, पण समोरच्याने नेमकं काय केलं हे त्यांना नीट कळत नाही. अशा वेळी शहाण्याने कसं वागावं? मी साधा बी. ए., तोही मराठी घेऊन. गणिताशी संबंध दहावीला सुटला. तरी पुतणीला समोर बसवून ते प्रकरण वाचून घेतलं, आणि काय सांगू, त्या बीजगणितात मला अब्बा आणि अण्णा बसलेले दिसले.

मूळ खेळ सोपा आहे. १९५० साली अमेरिकेत रँड नावाच्या संस्थेत मेरिल फ्लड आणि मेल्विन ड्रेशर या दोघांनी तो मांडला. अल्बर्ट टकर या गणितज्ञाने त्याला दोन कैद्यांची गोष्ट जोडली, म्हणून त्याचं नाव पडलं कैद्याचा पेच. आपण कैदी बाजूला ठेवू. दोन खेळाडू आहेत, प्रत्येकाला दोनच चाली, साथ किंवा दगा. दोघांनी साथ दिली तर दोघांना तीन-तीन गुण. एकाने साथ दिली आणि दुसऱ्याने दगा, तर दगा देणाऱ्याला पाच, साथ देणाऱ्याला शून्य. दोघांनी दगा दिला तर एकेक. आता खेळ एकदाच खेळायचा असेल तर हिशेब सरळ आहे. समोरचा काहीही करो, दगा दिल्याने माझे गुण वाढतात. त्याचाही हिशेब तोच. म्हणून दोघेही दगा देतात आणि तीन-तीन मिळण्याजोगे असताना एकेक घेऊन घरी जातात.

पण खेळ उद्या आहे, परवाही आहे, म्हटलं की सगळं बदलतं. एस. टी. स्टँडवर एकदाच भेटणारा फेरीवाला सडकं फळ खपवून जाईल, गल्लीतला किराणावाला ते करणार नाही. तुमचं तोंड त्याला उद्या पाहायचं आहे. फ्लड आणि ड्रेशर यांनी आपल्या ओळखीच्या दोघा विद्वानांना हा खेळ सलग १०० वेळा खेळायला लावला. त्या वेळी त्यांनी गुणांचं कोष्टक एकाला थोडं झुकतं ठेवलं होतं, तरीही १०० पैकी ६० वेळा दोघांनी साथ दिली. एका फेरीचा हिशेब दगा सांगतो, आणि माणसं ६० वेळा साथ देतात!

नंतर सिद्ध झालं की खेळ पुढे चालू राहणार असेल आणि खेळाडूंना उद्याची पुरेशी किंमत असेल, तर साथ टिकू शकते. दगा दिलास तर उद्या तुला महाग पडेल, एवढ्या धाकावर ती टिकते. या सिद्धान्ताचं नाव मला फार आवडलं. त्याला म्हणतात लोकसिद्धान्त. का, तर १९५० च्या दशकात या क्षेत्रातल्या सगळ्यांना तो ठाऊक होता, पण छापला कुणीच नव्हता, आणि पहिल्यांदा कुणाला सुचला ते सांगता येत नव्हतं. जात्यावरच्या ओवीसारखं. गणितातही निनावी ओवी असते हे वाचून मला जरा बरं वाटलं.

साथ टिकू शकते हे ठीक, पण टिकवायची कशी? १९८० च्या सुमारास मिशिगन विद्यापीठातले राज्यशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी एक स्पर्धा घेतली. जाणकारांनी आपापली युक्ती संगणकाला समजेल अशी लिहून पाठवायची आणि संगणकाने प्रत्येक युक्तीला प्रत्येकीशी लढवायचं. १४ युक्त्या आल्या. काही भलत्याच हुशार होत्या. जिंकली ती सगळ्यात छोटी, ॲनातोल रापोपोर्ट यांची. हे गृहस्थ गणितात येण्यापूर्वी पियानोवादक म्हणून तयार झाले होते. त्यांची युक्ती अशी : पहिल्यांदा साथ द्यायची आणि नंतर समोरच्याने मागच्या खेपेला जे केलं तेच करायचं. मराठीत आपण याला जशास तसे म्हणतो. दुसऱ्या स्पर्धेला ६ देशांतून ६२ युक्त्या आल्या. पहिल्या वेळी कोण जिंकलं आणि का, हे सगळ्यांना सांगितलं होतं. तरीही जशास तसेच जिंकली. गंमत अशी की ही युक्ती कोणत्याही एका सामन्यात समोरच्यापेक्षा जास्त गुण मिळवूच शकत नाही. ती कुणाला हरवत नाही, सगळ्यांशी तिचं बरं चालतं आणि बेरजेत ती वर येते.

इथपर्यंत वाचून मी पुतणीला म्हटलं, मग आमच्या अब्बांचं काय चुकलं? ते दोघे जशास तसेच तर वागत होते.

ती म्हणाली, "काका, संगणकावर दोघांना एकमेकांची चाल स्वच्छ दिसत होती. खरी गोष्ट तिथे संपत नाही, सुरू होते."

आणि खरोखरच, जिथे चाल दिसत नाही तिथे जशास तसेचा कसा विचका होतो ते बघा. दोघेही जशास तसे खेळताहेत, दोघेही सज्जन. एका खेपेला पहिल्याने साथ दिली, पण दुसऱ्याला तो दगा वाटला. दुसरा पुढच्या खेपेला दगा देतो. पहिला म्हणतो, मी साथ देतोय आणि हा दगा देतो? तो त्याच्या पुढच्या खेपेला दगा देतो. मग पुन्हा दुसरा. टाळीला टाळी, पण एक आड एक. एकाच चुकीचा प्रतिध्वनी अनंत काळ घुमत राहतो. त्यात आणखी एक चूक झाली तर दोघेही कायमचे दगा देऊ लागण्याचा संभव असतो. हिशेब करून पाहिला तर अधूनमधून चुका होणाऱ्या जगात जशास तसे खेळणाऱ्या दोघांना सरासरी सव्वादोन गुण पडतात. नाणं उडवून खेळणाऱ्या दोन मूर्खांना तेवढेच पडतात.

हे दुकानदारांपुरतं असतं तर ठीक होतं. १ सप्टेंबर १९८३ रोजी दक्षिण कोरियाचं प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं. ते सोव्हिएत लढाऊ विमानाने पाडलं आणि २६९ माणसं गेली. एका बाजूला ती हेरगिरी वाटली, दुसऱ्या बाजूला ते क्रौर्य वाटलं, आणि दोन्ही महासत्ता एकमेकींच्या रागाला राग जोडत गेल्या. त्यानंतर अवघ्या २५ दिवसांनी, २६ सप्टेंबरला, मॉस्कोजवळच्या एका तळघरात स्तानिस्लाव पेत्रोव्ह हा सोव्हिएत अधिकारी ड्यूटीवर असताना उपग्रहाच्या यंत्रणेने सांगितलं की अमेरिकेतून क्षेपणास्त्र सुटलं आहे. मग आणखी चार. जशास तसेच्या नियमाने आता काय व्हायला हवं होतं, ते तुम्हीच ठरवा. पेत्रोव्हने विचार केला की युद्ध सुरू करणारा पाच क्षेपणास्त्रांनी कशाला सुरू करील? त्याने वर कळवलं, यंत्र चुकलं आहे. यंत्र खरंच चुकलं होतं. ढगांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश उपग्रहाला ज्वाळेसारखा दिसला होता. म्हणजे साथ आहे की दगा हे दिसत नसताना या माणसाने समोरच्याला शंकेचा फायदा दिला. माझी मुलगी तेव्हा जन्मायची होती. तुमच्यापैकी अनेकांची मुलंही.

हाच शंकेचा फायदा मार्टिन नोवाक आणि कार्ल सिग्मुंड या दोघांनी १९९२ साली गणितात बसवला. त्यांची युक्ती म्हणजे उदार जशास तसे. साथीला साथ नेहमीच, पण दग्याला दगा नेहमी नाही. अधूनमधून, नेम न धरता, दगा गिळायचा आणि साथ द्यायची. मी वर दिलेल्या गुणांच्या हिशेबाने साधारण तीनात एकदा. त्याहून जास्त गिळलात तर लबाड तुम्हाला लुबाडतो, अजिबात गिळलं नाहीत तर प्रतिध्वनी थांबत नाही. क्षमेचं प्रमाण असं अपूर्णांकात मांडलेलं पाहून मला आधी हसू आलं. नंतर आलं नाही.

आता या विषयातली मला सगळ्यात बोचलेली गोष्ट. अमेरिकेत १८७९ साली शिकागोहून पूर्व किनाऱ्याकडे मालवाहतूक करणाऱ्या रेल्वे कंपन्यांनी एक संयुक्त समिती केली. मुख्य माल धान्याचा. दर ठरवून घ्यायचे, कुणी खाली उतरायचं नाही. तेव्हा हे कायद्याविरुद्ध नव्हतं. पण गिऱ्हाइकाला गुपचूप सूट देणं प्रत्येकाला शक्य होतं आणि ती कुणाला दिसत नसे. दिसायचं ते एवढंच, की या आठवड्यात आपल्याकडे माल किती आला. तो कमी आला तर दोन कारणं असू शकतात. कुणीतरी सूट देऊन माल पळवला, किंवा मुळात मालच कमी होता. शिवाय सरोवरांवरचा बर्फ वितळून जहाजं सुरू झाली की माल तिकडेही जाई. मग या कंपन्यांत मधूनमधून दरयुद्धं भडकत. दर कोसळत, आणि काही आठवड्यांनी पुन्हा वर येत.

एडवर्ड ग्रीन आणि रॉबर्ट पोर्टर यांनी १९८४ साली अशा वागण्याचा अर्थ लावून दाखवला. समजा सगळ्यांनी ठरवलं की माल अमुक पातळीखाली गेला की काही काळ सगळ्यांनी दर पाडायचे, मग पुन्हा मूळ दरावर यायचं. या धाकामुळे कुणीच सूट देत नाही. तरीही एखाद्या वर्षी पीक कमी येतं, माल घटतो आणि शिक्षा सुरू होते. सगळ्यांना मनातून ठाऊक असतं की कुणीही फसवलेलं नाही, नुसता वाईट काळ आला आहे. तरी शिक्षा करावी लागते. कारण वाईट काळाला शिक्षा करायची नाही असं ठरलं, तर उद्या प्रत्येक जण फसवेल आणि म्हणेल, काळ वाईट आहे. निरपराध आहेत हे माहीत असूनही निरपराधांना शिक्षा! हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून अंगणात जाऊन बसलो. कवीला न पटणारी गोष्ट आहे, पण त्यातली चूक मला अजून दाखवता आलेली नाही.

फक्त एक बारकावा. त्या शिक्षेला मुदत असते. काही आठवडे, आणि मग सगळे परत मूळ जागी.

१९८७ साली देशभर दुष्काळ होता. आमच्याकडे नद्या-नाले श्रावणातच आटले. दिवाळीला लोकांनी कपडे शिवले नाहीत. अब्बा रजिस्टरमध्ये बोट घालून मागच्या वर्षीची आणि यंदाची मापं मोजायचे. वळणापलीकडे अण्णा ताके मोजत असणार. त्याच सुमारास स्टँडजवळ एका नव्या टेलरने काचेचं दुकान थाटलं होतं, आणि अण्णांच्या शेजारच्या गल्लीत दुसरं कापडाचं दुकान निघालं होतं. माल कमी का आला? दुष्काळ, की दगा? दोघांनाही आपापला आकडा तेवढा दिसत होता.

अपुऱ्या माहितीचा आणखी एक प्रकार आहे. त्यात समोरच्याची चाल दिसते, पण तो मुळात कोण आहे, त्याच्या हातात काय आहे, हे कळत नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या शस्त्रनियंत्रण संस्थेसाठी रॉबर्ट ऑमन आणि मायकेल माश्लर यांनी त्यावर काम केलं. आपल्याला जे ठाऊक आहे त्याचा वापर केला की ते समोरच्याला कळतं, न वापरलं तर असून उपयोग नाही. मग किती वापरावं, हा त्यांचा प्रश्न. पत्ते खेळणाऱ्यांना तो शिकवायला नको. ऑमन यांना २००५ साली थॉमस शेलिंग यांच्याबरोबर नोबेल मिळालं. पण तो विषय वेगळा आणि मोठा आहे. मी आपला पेठेत परततो.

कारण दोघांना वेगवेगळं दिसतं, ही सर्वांत अवघड अवस्था. रेल्वेच्या हिशेबात निदान सगळ्यांसमोर एकच आकडा असेल असं धरता येतं, म्हणजे शिक्षा कधी सुरू झाली आणि कधी संपली हे सगळ्यांना कळतं. अब्बांना काय दिसलं हे अण्णांना ठाऊक नाही, अण्णांना काय दिसलं हे अब्बांना नाही. एकाला वाटतं मी परतफेड करतोय, दुसऱ्याला वाटतं यानेच सुरुवात केली. यावर अभ्यासकांची बरीच वर्षं गेली. १९९८ साली कांदोरी आणि मात्सुशिमा या जपानी अभ्यासकांनी, आणि स्वतंत्रपणे काँप्त यांनी दाखवलं की खेळाडूंना आपापल्याला काय दिसलं ते एकमेकांना सांगायची सोय असेल तर मार्ग निघू शकतो. पुतणी म्हणाली, "पण सांगणाऱ्याला खोटं बोलून फायदा होता कामा नये, ही अट आहे." म्हणजे ज्याला त्या भांडणातून काहीच मिळवायचं नाही, अशा माणसाचं सांगणं कामाचं.

तसा माणूस होता. तो काज-बटणं करत बसला होता.

त्या वर्षी मार्गशीर्षात एका संध्याकाळी अण्णांनी मला पेठेत हाक मारली. म्हणाले, "बेटा, मास्तरांना सांग, शुक्रवारी दुपारी माझ्याकडे एक बस्ता आहे. वीसेक कपडे निघतील. मंडळींना खाली पाठवतो. तेवढं दुकान उघडं ठेवा म्हणावं." शुक्रवारी दुपारी नमाजासाठी आमचं दुकान बंद असायचं, पुढे संध्याकाळीच उघडायचं. मी हो म्हटलं. त्या दिवशी माझ्या खिशात एक वही होती आणि वहीत माझी पहिली कविता, अर्धी झालेली. घरी जाईपर्यंत मी निरोप विसरलो. शुक्रवार होऊन गेल्यावर आठवला. तेव्हा सांगायची हिंमत झाली नाही.

पंधरा दिवसांनी बाजारात लग्नाची मंडळी दिसली. कापड अण्णांचं आणि कॉलर स्टँडवरच्या टेलरची. अब्बा कॉलरवरून शिंपी ओळखत. काही बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात लग्नाचं गिऱ्हाईक आलं तेव्हा म्हणाले, "कापड कुठलंही घ्या." तेवढंच. 'अण्णांकडून' हा एक शब्द गळला. पुढे वरून येणारं गिऱ्हाईक थांबलं, मग डबा थांबला, ताट थांबलं.

१९९८ च्या पावसाळ्यात अण्णांच्या दुकानातला पोरगा शर्टाचं कापड घेऊन खाली आला. म्हणाला, "अण्णांचा शर्ट शिवायचाय. माप जुनंच आहे म्हणाले." अब्बांनी १९८६ चं रजिस्टर काढलं. माप सापडलं. खडूने खुणा करताना त्यांनी पोटाला दीड इंच वाढवलं. मी विचारलं, माप न घेताच? म्हणाले, "सुटलंय त्यांचं पोट, मी बघतो ना येता-जाता." शर्ट बरोबर बसला असावा, कारण परत आला नाही. पुढच्या ईदला डबा वर गेला. काय झालं होतं, हे कुणी कुणाला विचारलं नाही. मीही नाही.

आता दोघेही नाहीत. पुतणीचं पुस्तक वाचून झाल्यावर मी गावी गेलो आणि अण्णांच्या मुलाला निरोपाची गोष्ट सांगितली. त्याचं आता रेडिमेडचं दुकान आहे. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "बाबांचा राग त्याआधीपासूनचा होता. त्या वर्षीच्या ईदला तुमच्या घरात सगळ्यांच्या अंगावर बाहेरचं कापड होतं."

ते कापड माझ्या मामांनी मुंबईहून आणलं होतं. भेट म्हणून.

"पण आई म्हणाली, एक बस्ता पाठवून तर बघा," तो म्हणाला. "मंडळी परत येऊन सांगायला लागली, खाली कुलूप आहे. बाबांना वाटलं, निरोप देऊनसुद्धा मास्तरांनी बंद ठेवलं."

त्याने चहा मागवला. दुकानात गिऱ्हाईक आलं म्हणून तो उठला, आणि मी मारुतीच्या वळणावरून खाली आलो. आमच्या दुकानाच्या जागी आता मोबाइल रिचार्जचं दुकान आहे.